प्रोसेस मॅच्युरिटी मॉडेल: टीममध्ये हमखास विचारले जाणारे प्रश्न

नव्याने आलेल्या ट्रेनीपासून क्लायंटला स्लाइड दाखवणाऱ्या मॅनेजरपर्यंत सगळे मला फिरून फिरून हेच विचारतात. आधी डेव्हलपर म्हणून मी ऑडिटला तोंड दिलं, मग क्वालिटीच्या टीममध्ये जाऊन इतरांची ऑडिटं केली. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय, त्याच अनुभवावर ही उत्तरं.

प्रोसेस मॅच्युरिटी मॉडेल म्हणजे नेमकं काय?

सॉफ्टवेअर बनवणारी संस्था आपलं काम किती भरवशाने करते हे पाहायची मोजपट्टी. तयार झालेलं सॉफ्टवेअर चांगलं की वाईट हे ती सांगत नाही. ते बनवायची रीत ती तपासते. एखाद्या टीमने एकदा वेळेवर डिलिव्हरी दिली, तर ते नशीब असेल, किंवा एखाद्या हुशार माणसाने चार रात्री जागवल्या असतील. तो माणूस सोडून गेला तरी पुढची डिलिव्हरी तशीच होईल का? मॉडेलचा सगळा खटाटोप या एका प्रश्नासाठी आहे.

‘प्रोसेस’ या शब्दाला बिचकायचं कारण नाही. कोड मर्ज करण्याआधी, म्हणजे मुख्य कोडमध्ये मिसळण्याआधी, दुसऱ्याला दाखवायचा, ही झाली प्रोसेस. ती शुक्रवारी संध्याकाळी, रिलीज डोक्यावर बसलेलं असतानाही पाळली जाते का, यावर तुमची पातळी कळते. निवांत आठवड्यात काय, सगळेच लेव्हल थ्री, म्हणजे पाचातल्या तिसऱ्या पातळीवर, असतात.

ही कल्पना आली कुठून?

अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या डोकेदुखीतून. सॉफ्टवेअरची कंत्राटं वेळेची आणि पैशाची मर्यादा सर्रास ओलांडत होती. कंत्राट देण्याआधी कोणती कंपनी काम पेलेल हे ओळखायचं कसं, हा त्यांचा सवाल होता. १९८४ साली पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूट, म्हणजे एसईआय, सुरू झाली. दोन वर्षांनी आयबीएममधली २७ वर्षांची कारकीर्द संपवून वॉट्स हम्फ्री तिथे दाखल झाले आणि १९८७ मध्ये एसईआयने एक आराखडा व सोबत प्रश्नावली काढली. पाच पायऱ्यांची कल्पना तशी उसनी होती. फिलिप क्रॉस्बी यांनी १९७९ मध्येच कारखान्यांच्या गुणवत्तेसाठी पाच टप्प्यांचा तक्ता मांडला होता, आणि त्याच्याही मागे शूहार्ट, डेमिंग, ज्युरान ही गुणवत्तेच्या शास्त्रातली जुनी मंडळी उभी होती. १९९१ मध्ये या सगळ्याला कॅपेबिलिटी मॅच्युरिटी मॉडेल, सीएमएम, असं रूप मिळालं. १९९३ ची १.१ आवृत्ती जगभर पसरली.

थोडक्यात, हे मुळात गिऱ्हाइकाने विक्रेता पारखण्यासाठी केलेलं हत्यार. पुढे विक्रेत्यांनी तेच उचलून जाहिरातीला लावलं. खाली ज्या तक्रारी येतील, त्यातल्या निम्म्यांचं मूळ इथे आहे.

पाच पातळ्या साध्या भाषेत सांगाल का?

व्याख्या पाठ करू नका, त्या दुसऱ्या दिवशी विसरतात. त्यापेक्षा एकच एस्टिमेट पाचही पातळ्यांवर फिरवून बघू.

लेव्हल वन, इनिशियल. मॅनेजर विचारतो, “किती दिवस?” डेव्हलपर म्हणतो, “दहा.” हे दहा आले कुठून? डोक्यातून. प्रत्यक्षात कधी सात लागतात, कधी तीस. तीस का लागले, हे महिन्याभराने कुणालाच आठवत नाही.

लेव्हल टू, मॅनेज्ड. दहा का, हे कुठेतरी लिहिलेलं आहे: स्क्रीन किती, रिपोर्ट किती, टेस्टिंगला किती धरलं. रिक्वायरमेंट बदलली की चेंज रिक्वेस्ट येते आणि एस्टिमेट नव्याने होतं. लागलेल्या दिवसांची नोंद राहते. पण हे त्या प्रोजेक्टपुरतं. शेजारच्या प्रोजेक्टची तऱ्हा वेगळीच.

लेव्हल थ्री, डिफाइन्ड. आता संस्थेची म्हणून एक पद्धत आहे. प्रत्येक प्रोजेक्ट ती आपल्या मापाने कापून घेतो, याला टेलरिंग म्हणतात. जुन्या प्रोजेक्टचे आकडे एका जागी साठतात, त्यामुळे नवा मॅनेजर पहिल्या दिवशी शून्यापासून सुरुवात करत नाही.

लेव्हल फोर, क्वांटिटेटिव्हली मॅनेज्ड. इथे “दहा दिवस” असं उत्तर येतच नाही. “आमच्या आजवरच्या आकड्यांवरून आठ ते तेरा” असं येतं, आणि तो पल्ला कसा काढला ते दाखवता येतं.

लेव्हल फाइव्ह, ऑप्टिमायझिंग. आठ ते तेरा एवढा फरक पडतोच का? खणून पाहिलं तर इंटिग्रेशनमध्ये दिवस जातायत असं दिसतं. तिथे बदल करायचा आणि पल्ला खरंच नऊ ते अकरावर आला का, हे पुन्हा आकड्यांनीच सिद्ध करायचं.

नावांचा एक घोळ लक्षात ठेवा. जुन्या सीएमएममध्ये ‘मॅनेज्ड’ हे चौथ्या पातळीचं नाव होतं आणि दुसरीला ‘रिपीटेबल’ म्हणत. सीएमएमआयमध्ये, म्हणजे त्याच्या पुढच्या अवतारात, ‘मॅनेज्ड’ दुसऱ्या पातळीवर उतरलं. जुने आणि नवे लोक एका मीटिंगमध्ये बसले की यावरून अर्धा तास सहज जातो.

लेव्हल फोरला कंट्रोल चार्ट, म्हणजे आकड्यांच्या घटबढीची नेहमीची मर्यादा दाखवणारा आलेख, लागतो म्हणतात. तो भिंतीवरच्या शोभेपलीकडे कशाला लागतो?

हा माझा आवडता प्रश्न, कारण बहुतेक ठिकाणी तो शोभेलाच असतो.

समजा, कोड रिव्ह्यूत दर शंभर ओळींमागे किती डिफेक्ट सापडले हे तुम्ही टिपता. सलग आठ रिव्ह्यूंचे आकडे असे: ४, ६, ५, ७, ३, ५, ६, ४. सरासरी आली ५. आता लागोपाठच्या दोन आकड्यांमधला फरक काढा: २, १, २, ४, २, १, २. त्यांची सरासरी २. तिला २.६६ ने (हा या चार्टचा ठरलेला गुणक) गुणलं की ५.३२. सरासरीत हे मिळवलं की वरची मर्यादा १०.३२, वजा केलं की खालची शून्याखाली जाते, म्हणून शून्यच धरायची. एवढंच गणित आहे. कागदावर पाच मिनिटांत होतं.

नवव्या रिव्ह्यूत ९ डिफेक्ट आले. मॅनेजर हादरतो, मीटिंग बोलावतो, ज्याचा कोड होता त्याला सगळ्यांसमोर विचारतो की लक्ष कुठे होतं. चार्ट म्हणतो, शांत राहा. ९ हा मर्यादेच्या आतला आकडा आहे. तुमची पद्धत आहे तशी चालू ठेवली तर असा आकडा अधूनमधून येणारच. त्या पोराला फैलावर घेऊन काही बदलणार नाही. दहाव्या रिव्ह्यूत १३ आले, तर मात्र थांबा. इथे काहीतरी वेगळं घडलंय: नवं मॉड्यूल असेल, नवा माणूस असेल, रिक्वायरमेंट शेवटच्या दिवशी बदलली असेल. ते शोधा.

नेहमीची घटबढ कोणती आणि दखल घ्यायची कोणती, एवढं ओळखता येणं म्हणजे चौथी पातळी. त्यासाठी आकडे खरे हवेत. रिव्ह्यूतले डिफेक्ट वार्षिक मूल्यमापनात धरले जातात असं लोकांना एकदा कळलं की सगळ्यांचे आकडे ३ आणि ४ च्या मध्ये सुबक येऊन बसतात, आणि मग चार्ट काढलात काय, न काढलात काय.

एखादी पातळी गाळून पुढे जाता येतं का?

टप्प्यांच्या पद्धतीत नाही. तिसरीत दुसरी धरलेलीच असते. एक-दोन क्षेत्रांतच सुधारणा हवी असेल, तर त्या क्षेत्रांपुरती क्षमतेची पातळी मोजायची सोय आहे. तिला कंटिन्युअस पद्धत म्हणत. पण जाहिरातीत ती मिरवता येत नाही, म्हणून कुणी तिच्या वाटेला फारसं जात नाही.

सीएमएम आणि सीएमएमआय यांत फरक काय?

सीएमएम सॉफ्टवेअरपुरतं होतं आणि त्यात १८ मुख्य क्षेत्रं होती. त्याच्या यशानंतर सिस्टिम्स इंजिनिअरिंग वगैरेंची वेगवेगळी मॉडेलं निघाली आणि एकाच संस्थेला तीन-तीन पुस्तकं सांभाळायची पाळी आली. ती एकत्र करून २००० साली सीएमएमआय आलं. शेवटचा ‘आय’ इंटिग्रेशनचा. २०१० च्या १.३ आवृत्तीत सॉफ्टवेअर विकासासाठी २२ प्रोसेस एरिया, म्हणजे तपासायची कामाची क्षेत्रं, होते: दुसऱ्या पातळीवर ७, तिसऱ्यावर ११, चौथ्या आणि पाचव्यावर दोन-दोन. कष्टाचा डोंगर तिसऱ्या पातळीवर आहे, हे या आकड्यांवरूनच दिसतं.

२०१६ मध्ये हे सगळं इसाका या आयटी व्यावसायिकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेकडे गेलं. २०१८ ला २.० आणि २०२३ ला ३.० आवृत्ती आली. २.० पासून ‘प्रॅक्टिस एरिया’ म्हणतात, भाषाही बरीच सुटसुटीत झाली. त्यातला एक बदल मला पटला: पद्धत लिहून ठेवण्यावर भागत नाही, ती अंगवळणी पडली आहे का आणि दबावाखाली टिकते का, हे आता स्पष्टपणे तपासलं जातं.

आमच्या कंपनीला सीएमएमआयचं सर्टिफिकेट मिळालंय, असं म्हणणं बरोबर आहे का?

काटेकोरपणे नाही. आयएसओ ९००१ या गुणवत्तेच्या मानकाचं प्रमाणपत्र मिळतं, सीएमएमआयचं अ‍ॅप्रेझल, म्हणजे मूल्यांकन, होतं. अधिकृत लीड अ‍ॅप्रेझर आणि त्याची टीम येते, प्रोजेक्टचे पुरावे तपासते, लोकांशी बोलते आणि पातळी ठरवते. निकाल तीन वर्षं ग्राह्य धरतात. बाहेरच्या पाहुण्यांसमोर मी यावरून वाद घालत नाही, पण टेंडरमध्ये चुकीचा शब्द जाऊ देत नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, पातळी अख्ख्या कंपनीला मिळतेच असं नाही. ती मिळते अ‍ॅप्रेझलसाठी निवडलेल्या विभागाला. दहा हजारांच्या कंपनीत तीनशे जणांच्या विभागाची पातळी असू शकते आणि तुमचं काम दुसऱ्याच मजल्यावर चाललेलं असू शकतं. विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: “माझं काम करणारी टीम त्या विभागात होती का?” समोरच्याच्या चेहऱ्यावरून उत्तर कळतं.

सगळं कागदी नाटक असतं, हे खरं ना?

पुष्कळदा असतं. एका ठिकाणचं सांगतो. अ‍ॅप्रेझलच्या आदल्या आठवड्यात मी एका प्रोजेक्टचं फोल्डर उघडलं. चौदा रिव्ह्यूंच्या नोंदी. प्रत्येकीत तीन डिफेक्ट, दोन कॉस्मेटिक आणि एक मायनर. प्रत्येक रिव्ह्यू बरोबर एक तासाचा. एकीवरची तारीख पाहिली तर रविवार. एकीत रिव्ह्यूअर म्हणून ज्याचं नाव होतं, तो त्या आठवड्यात लग्नाच्या रजेवर. फाइलींच्या प्रॉपर्टीज बघितल्या, तर चौदाही फाइली एकाच रात्री अकरा ते साडेअकराच्या दरम्यान जन्मलेल्या.

मी टीम लीडला बाजूला घेतलं. तो बिचारा ओशाळून म्हणाला, “सर, रिव्ह्यू झालेत, पण त्या टेम्पलेटमध्ये तेवीस कॉलम आहेत.” मग त्याने मर्ज रिक्वेस्ट उघडून दाखवल्या. खरे रिव्ह्यू तिथे होते. ‘इथे नल आला तर?’, ‘हे नाव फसवं आहे, बदल’, ‘टेस्ट कुठेय?’ अशा कमेंट, तारखेनिशी, नावानिशी, आणि खाली दुरुस्त केलेला कोड. मॉडेलला हवा तो पुरावा हाच. तेवीस कॉलमांचा तक्ता मॉडेलने कधीच मागितला नव्हता. तो आमच्याच क्वालिटीच्या एका माणसाने पूर्वी कधीतरी बनवला होता आणि नंतर कुणी त्याला हात लावायला धजलं नाही. खऱ्या पुराव्यावर खोटा पुरावा रचत ही पोरं रात्र जागवत होती.

त्या चौदा फाइली आम्ही काढून टाकल्या. टेम्पलेटही गेलं.

लेव्हल फाइव्ह कंपनीचं सॉफ्टवेअर चांगलंच असतं का?

खात्री नाही. चुकीची वस्तू अतिशय शिस्तीत बनवता येते. उलट बाजूही आहे: अमेरिकेच्या स्पेस शटलमधलं सॉफ्टवेअर लिहिणारा आयबीएमचा ह्यूस्टनचा गट १९८९ मध्ये पाचव्या पातळीचा ठरला, आणि त्यांच्या कोडमध्ये चुका फार म्हणजे फारच कमी असत. पण त्या टीमकडे स्थिर रिक्वायरमेंट होत्या, एकच गिऱ्हाईक होतं आणि चूक झाली तर माणसं मरतील ही जाणीव होती. ती शिस्त पातळीसाठी आली नव्हती. आधी शिस्त होती, पातळी नंतर चिकटली.

अ‍ॅजाइल आल्यावर हे सगळं कालबाह्य नाही का झालं?

२००१ मध्ये यूटातल्या स्नोबर्डला १७ जणांनी अ‍ॅजाइलचा, म्हणजे छोट्या टप्प्यांत काम करत बदल सामावून घ्यायच्या पद्धतीचा, जाहीरनामा लिहिला, तेव्हा त्यांचा रोख जाडजूड दस्तऐवजांवर होता, आणि तो चुकीचा नव्हता. पण मॉडेल ‘काय साधायचं’ ते सांगतं, ‘कसं’ ते तुमच्यावर सोडतं. स्प्रिंट, म्हणजे कामाचा छोटा टप्पा, त्याचं प्लॅनिंग हे प्लॅनिंगच. बॅकलॉग, म्हणजे करायच्या कामांची यादी, नीट राखला तर रिक्वायरमेंट मॅनेजमेंट झालं. एसईआयनेच २००८ मध्ये एक टिपण काढून दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात असं सांगितलं.

गाडी अडते ती रेट्रोस्पेक्टिव्हला, म्हणजे स्प्रिंट संपल्यावर काय चुकलं ते बघायच्या बैठकीला. सहा स्प्रिंट झाले, प्रत्येक वेळी बोर्डावर ‘बिल्डला फार वेळ लागतो’ ही चिठ्ठी चिकटते, सगळे मान डोलावतात, चिठ्ठी खाली पडते. याला सुधारणा म्हणत नाहीत, गाऱ्हाणं म्हणतात. चिठ्ठीवर कुणाचं तरी नाव आणि पुढच्या स्प्रिंटमध्ये एक तिकीट एवढं जरी आलं, तरी पाचव्या पातळीच्या विचाराची सुरुवात झाली, मग कुणी अ‍ॅप्रेझर येवो न येवो.

स्पाइस म्हणजे काय?

आयएसओ/आयईसी १५५०४ या प्रोसेस तपासायच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं लाडकं नाव. २०१५ पासून त्याची जागा ३३००० मालिकेने घेतली. यात शून्य ते पाच अशा सहा पातळ्या आहेत आणि प्रत्येक प्रोसेसला वेगळी पातळी मिळते. प्रत्येक निकषाला चार श्रेणी: १५ टक्क्यांपर्यंत ‘नाही’, ५० पर्यंत ‘अंशतः’, ८५ पर्यंत ‘बरंचसं’, त्यापुढे ‘पूर्ण’. मोटारींमध्ये जाणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी याचाच अवतार ऑटोमोटिव्ह स्पाइस. त्या धंद्यात असाल तर सीएमएमआयपेक्षा हेच तुमच्या कानावर जास्त पडेल.

आम्ही सहाच जण आहोत. आम्हाला याचं काय?

अ‍ॅप्रेझलच्या फंदात पडू नका. पंचवीसपर्यंत माणसांच्या संस्थांसाठी आयएसओ/आयईसी २९११० ही मालिका मुद्दाम केली आहे, ती चाळा. तेही जड वाटलं तर तीन गोष्टी करा. काय ठरलं ते एका जागी लिहा. कोड आणि त्याची आवृत्ती कधीही मागची परत काढता येईल अशी ठेवा. एस्टिमेट आणि लागलेला वेळ शेजारी शेजारी टिपा. तिसरी गोष्ट सहा महिने टिकली तर मला नवल वाटेल, पण टिकली तर तिच्याइतकं शिकवणारं दुसरं काही नाही.

डोराचे मेट्रिक्स वापरतोय, मग मॉडेल कशाला?

डोरा हा सॉफ्टवेअर डिलिव्हरी कशी चालते यावर संशोधन करणारा गट. त्यांचे मूळ चार आकडे: डिप्लॉयमेंट किती वेळा होतं, बदल प्रॉडक्शनला पोचायला किती वेळ लागतो, किती बदल फसतात, आणि फसल्यावर सावरायला किती वेळ जातो. उत्तम आकडे आहेत. त्या संशोधकांचा मॅच्युरिटी मॉडेलवर आक्षेपच आहे: मॉडेल ‘पोचलो’ अशी भावना देतं आणि संस्था तिथेच बूड टेकते. आक्षेप रास्त आहे, पाचव्या पातळीचा बोर्ड लावून झोपलेल्या कंपन्या मी पाहिल्यात. पण आकडा बिघडला की हात कुठे घालायचा, हे ते चार आकडे सांगत नाहीत. मॉडेलचा तिथे यादी म्हणून उपयोग होतो. दोन्ही वापरा, भांडण लावू नका.

मॉडेलवर खरी टीका कोणती?

सॉफ्टवेअर टेस्टिंगमधले जेम्स बाख यांनी १९९४ मध्येच लिहिलं होतं की यामागे ठोस सिद्धान्त नाही, मोठ्या कंत्राटदारांच्या अनुभवावर ते बेतलंय आणि कल्पक माणसांना त्यात जागा नाही. शेवटचा मुद्दा मला अर्धाच पटतो. पद्धत नसलेल्या ठिकाणी कल्पक माणूस जुनी आग विझवण्यातच संपतो.

थट्टाही भरपूर झाली. टॉम शॉर्श यांनी १९९६ मध्ये शून्यापासून उणे तीनपर्यंतच्या पातळ्या काढल्या: निष्काळजी, अडवणूक करणारी, तुच्छ लेखणारी आणि दुसऱ्याचे पाय ओढणारी संस्था. हसून झाल्यावर आपलं ऑफिस यात कुठे बसतं हे बघायचा मोह होतोच.

अ‍ॅप्रेझलच्या मुलाखतीत मला बोलावलंय. काय पाठ करू?

काहीच नाही. पाठ केलेलं लगेच ओळखू येतं, आणि “आमची प्रोसेस रोबस्ट आहे” हे वाक्य अ‍ॅप्रेझरने आयुष्यात हजारदा ऐकलेलं असतं. तुम्ही काल काय केलं ते सांगा. काम कुणाकडून येतं, संपलं हे कसं ठरतं, अडलं तर कुणाला सांगता, असेच प्रश्न येतात.

एका नवख्या टेस्टरला विचारलं होतं, “रिलीजच्या आदल्या दिवशी मोठा डिफेक्ट सापडला तर?” टीम लीडने तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. ती म्हणाली, “नियम कुठल्या पानावर आहे ते आठवत नाही, पण गेल्या महिन्यात असंच झालं होतं, दाखवू का?” तिने लॅपटॉप फिरवला. तिकीट, त्याखाली रिलीज दोन दिवस पुढे ढकलल्याचा निर्णय, क्लायंटला गेलेली मेल, आणि शेवटी तो डिफेक्ट आधी का सापडला नाही यावर चार ओळी. अ‍ॅप्रेझरने त्या चार ओळी वाचल्या, वहीत काहीतरी टिपलं आणि टीम लीडकडे वळून म्हणाला, “पुढचा प्रश्न तुम्हाला.”